नाणेघाट खालून वर: वाटेची आणि कथांची नोंद, टप्पा २

पायथ्याच्या वैशाखरे गावापासून माथ्यापर्यंतची नोंद पूर्ण झाली. माथ्यावरून घाटघरमार्गे जुन्नरकडची बाकी आहे. गाडी थेट माथ्याजवळ जाते, तरी हा घाट खालूनच चढावा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच चढाने जुन्नरला जायचा. पायांनी तो चढ मोजला की माथ्यावरच्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण का म्हणतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

चढाईला अडीच-तीन तास. पहाटे सहाला निघावं, माणशी तीन लिटर पाणी. वाट चुकते ती बहुधा खालच्या रानात. गुरांच्या वाटा उताराला आडव्या फिरतात, घाटवाट मात्र चढत राहते. दहा मिनिटं चढ लागला नाही तर मागे फिरा. वर घळीत दगडी पायऱ्या आहेत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो तो उतरताना. दोन्हीकडच्या कड्यांमुळे घळीत जीपीएसचा माग भरकटतो, म्हणून तिथल्या खुणा वहीत हाताने लिहाव्या.

सगळ्यात जास्त वेळ माथ्याजवळच्या लेण्यासाठी ठेवा, निदान दीड तास. बाजूच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. समोरून विजेरी मारली तर अक्षरं सपाट दिसतात. ती भिंतीलगत आडवी धरा, म्हणजे खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. खडू किंवा पाणी लावू नये, दगड झिजतो. यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे शोधाच. शून्य नसलेली ही पद्धत आहे, १७०० लिहायला हजाराचं आणि सातशेचं अशी दोन चिन्हं शेजारी. मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुळाच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं उरली आहेत. त्यांत सिमुक सातवाहन आणि सातकर्णीही आहेत.

नाना आणि गुणा यांनी पैजेने घाट बांधायला घेतले, नानाचा आधी झाला, ही कथा आणि माथ्यावरच्या ‘नानाचा अंगठा’ या कड्याचं नाव वहीत वेगळ्या रकान्यात ठेवावं. कोरीव लेखाचा रकाना वेगळा. दोन्ही एकत्र लिहिले की महिन्याभरात लेखातलं काय आणि ऐकलेलं काय, हे कळेनासं होतं. कथा सांगणाऱ्याचं गाव आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा, शुद्ध करू नका. घाटघरच्या बाजूने हीच कथा कशी सांगतात, ते टप्पा ३ मध्ये नोंदवायचं आहे.