आमची वाटचाल : मिरजेतली ऑर्थोची लॅब

बत्तीशी, कॅप, ब्रिज मिरजेत पुष्कळ लॅबा करतात. आम्ही दोघा भागीदारांनी पहिल्यापासून फक्त ऑर्थोची, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याची कामं धरली: हॉले रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरणारी, काढता-घालता येणारी प्लेट), जबडा रुंद करायची एक्सपान्शन प्लेट, आणि नंतर दात पांढरे करायचे ब्लीचिंग ट्रे. भागीदाराचा हात तारेवर बसलेला होता, हे मान्यच करावं लागेल. ०.७ मिलिमीटरची तार, एक ॲडम्स प्लायर (तार वाकवायची पक्कड), की प्लेट दाढेला धरून ठेवणारा क्लॅस्प एका दमात तयार. दोन्ही टोकं दाढेच्या खाचेत अशी बसायची की जिभेनं ढकलून प्लेट हलायची नाही. ॲक्रिलिक, म्हणजे प्लेटचं प्लास्टिक, फिनिशिंग आणि उधारी माझ्याकडे.

मग एका दिवाळीनंतर मागच्याच गल्लीत त्याची स्वतःची पाटी लागली. जाताना कॉम्प्रेसर नेला, मी शिकवलेली दोन पोरं नेली आणि डॉक्टरांकडे आमच्या निम्म्या रेटचं कार्ड फिरवलं. प्रेशर पॉट राहिला माझ्याकडे, पण हवेशिवाय पॉट काय कामाचा? कोल्ड क्युअर, म्हणजे न उकळता घट्ट होणारं ॲक्रिलिक, दाबाखाली सेट झालं नाही तर आत बुडबुडे राहतात, प्लेट धुरकट दिसते, वास धरते. शेवटी पॉटच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवला आणि पायपंपानं हवा भरली. ते महिने मी आणि बायकोनं कसे काढले ते आम्हालाच माहीत. एकेक डॉक्टर फोन उचलेनासा झाला. ज्यांची अर्जंट कामं मी रविवारी बसून दिली होती, तेही.

टिकल्या त्या जयसिंगपूरच्या मॅडम. त्या दातांच्या डॉक्टर; त्यांच्या पेशंटच्या दातांची मापं ओल्या कपड्यात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात एसटीनं यायची. माप घ्यायचं अल्जिनेट सुकलं की आकसतं, म्हणून डबा हातात पडला की आधी मापात स्टोन (दातांचा साचा करायचं कडक प्लास्टर) ओतायचा, चहा नंतर. भागीदारानं त्यांनाही गाठलं होतं. त्यांनी एकाच पेशंटची प्लेट दोन्हीकडून करून घेतली आणि त्याची माझ्याकडे पाठवून दिली. दाढेवरची तार ०.६ची, म्हणजे बारीक! सोबत चिठ्ठी : ‘तोंडात थांबत नाही, तर स्वस्त घेऊन काय करू?’ ती चिठ्ठी आजही काउंटरच्या काचेखाली आहे. त्यांच्या ओळखीनं सांगली, इचलकरंजीची कामं आली. पुढची वर्षं कामात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हल्ली पेशंट थेट लॅबमध्ये येतात, ‘काका, परस्पर प्लेट करून द्या’ म्हणतात. आम्ही देत नाही. तारा लावायच्या तर गावातलाच डॉक्टर बघा, दर महिन्याला जावं लागतं. एमडीएस ऑर्थो, म्हणजे दात सरळ करण्याच्या विषयात पदव्युत्तर शिकलेला आहे का ते विचारा, विचारल्यानं कुणी रागावत नाही. तारा निघाल्यावर रिटेनर मिळेल का, त्याचे पैसे वेगळे का, हेही आधीच विचारा. रिटेनर घातला नाही की दात परत सरकतात आणि बोल लॅबला लागतो. दात पांढरे करायचे ते तारा काढल्यावर. कॅप आणि फिलिंग ब्लीचनं पांढरी होत नाहीत, तेव्हा पुढच्या दाताला कॅप असेल तर रंगाचं आधी बोलून घ्या. प्लेट उकळत्या पाण्यात टाकू नका, आणि हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ताटात ठेवू नका. ताटाबरोबर गेलेल्या कितीतरी प्लेटा आम्ही दुसऱ्यांदा केल्यात.

भागीदाराची पाटी केव्हाच उतरली. तो आता दुसऱ्या शहरात कुणाकडे तरी नोकरी करतो म्हणे. कॉम्प्रेसरचे निम्मे पैसे अजून यायचेत.