मिरजेतलं दात भरायच्या सामानाचं दुकान : आमची वाटचाल

मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतल्या दातांच्या दवाखान्यांना आम्ही सामान पुरवतो. दुकान १९९८ सालचं. माझी सुरुवात मात्र त्याआधी सात वर्षांची, एका दंतवैद्य सरांकडे मदतनीस म्हणून. बारावी झाले होते. वडील म्हणाले, लग्न ठरेपर्यंत जा. लग्न झालं, पण काम सुटलं नाही.

तेव्हा दाढ भरायची म्हणजे चांदी भरायची. चांदी, कथील आणि तांब्याच्या मिश्रधातूची पूड, जवळजवळ तेवढाच पारा आणि काचेचा छोटा खल. घोटायला लागलं की आधी करकर आवाज यायचा, मग तो मऊ होत जायचा आणि गोळा चकाकायला लागायचा. तो कापडात धरून पिळायचा, जादा पारा थेंबाथेंबानं बाहेर यायचा. सर दाढेत चांदी दाबत असताना मी पुढचा गोळा उघड्या तळहातावर मळत असे. पाऱ्याची वाफ श्वासातून अंगात जाते हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. आज आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्यांदा हेच सांगते.

माझ्या डाव्या दाढेत सरांनी १९९३ साली भरलेली चांदी आहे. ती मीच घोटून दिली होती, आणि ती अजून जागची हललेली नाही. म्हणून चांदीला कुणी सरसकट नावं ठेवली की मला वाईट वाटतं. ती मागं पडतेय ती पाऱ्यामुळे. जपानच्या मिनामाता गावात कारखान्यातला पारा समुद्रात गेला, मासे खाऊन माणसं आयुष्यभरासाठी अधू झाली, पोटातली बाळंसुद्धा सुटली नाहीत. त्या गावाच्या नावानं २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१८ मध्ये भारतानं तो स्वीकारला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, मोजके अपवाद सोडले तर, दातात ही चांदी भरणं बंद झालं आहे. आम्हीही तिची नवी ऑर्डर देणं थांबवलं. तोंडात आधीपासून असलेली चांदी मात्र धड असेल तर घाबरून काढून घेऊ नये. ती उकरतानाच पारा जास्त सुटतो.

दुकान काढायला सरांनीच भरीस घातलं. ‘‘अगं, तुला सामान हाताला कळतं. विकणाऱ्याला नुसता भाव कळतो,’’ असं ते म्हणाले. नवऱ्यानं सोसायटीचं कर्ज काढलं. पहिली तीन वर्षं मी दोन पिशव्या घेऊन एसटीनं तासगाव, विटा, कवठे महांकाळ, जत असं फिरले.

त्या वेळी तालुक्याच्या ठिकाणी सर्वांत जास्त खपायचं ते जीआयसी, म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. पेशंटच्या भाषेत सिमेंट. विल्सन आणि केंट या दोघांनी १९७०च्या सुमारास लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ते तयार केलं. बारीक काचेची पूड आणि एक आम्ल, दोन्ही कालवलं की दाताला आपोआप धरतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. लहान मुलांच्या दातांना, हिरडीजवळच्या खाचांना याच्यासारखं दुसरं नाही. पण कालवताना हात घाईचा चालत नाही. बाटली हलवून पूड मोकळी करायची, चमचा काठोकाठ सपाट घ्यायचा, द्रवाची बाटली अगदी उभी धरायची, नाहीतर थेंबात हवा शिरते. कालवलेल्या सिमेंटवर तकाकी आहे तोवरच ते दातात जायला हवं. तकाकी गेली की टाकून द्यायचं, कितीही जीवावर आलं तरी. कालवायला सोपं जावं म्हणून एक थेंब जादा घातला तर भरलेलं वर्षभरात झिजतं, आणि बोल लागतो कंपनीला.

मग कॉम्पोझिट आलं आणि आमच्या धंद्याचं रूपच पालटलं. दाताच्याच रंगाचं, निळ्या उजेडात घट्ट होणारं. मे २००७ मधली एक गोष्ट मी अजून विसरलेले नाही. बाँडची, म्हणजे कॉम्पोझिट दाताला धरून ठेवणाऱ्या द्रवाची पेटी ट्रान्सपोर्टच्या पत्र्याच्या गोदामात चार दिवस पडून होती. बाटल्यांवर मुदत दीड वर्षाची होती, म्हणून मी काही न तपासता वाटून टाकल्या. महिन्याभरात एका डॉक्टरांचा रात्री नऊला फोन आला. एका मुलीचा तुटलेला पुढचा दात त्यांनी बांधला होता, दुसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते, आणि भडंग खाताना तो तुकडा हातात आला.

मी दुसरी बाटली घेऊन तशीच निघाले. डॉक्टरांनी दाताला फॉस्फरिक आम्ल लावलं, पंधरा सेकंदांनी धुऊन वाळवलं. दात खडूसारखा पांढरा दिसला, म्हणजे तिथं काही चुकत नव्हतं. मग जुन्या बाटलीतला थेंब काचेवर काढला, तर तो पाकासारखी तार धरत होता. चांगला बाँड पाण्यासारखा पसरतो. दात रात्रीच पुन्हा बांधून झाला. त्या पेटीतल्या बावीस बाटल्या मी पुढच्या दोन दिवसांत घरोघर जाऊन परत आणल्या, पैसे दिले. वर्षाचा नफा गेला. तेव्हापासून उन्हाळ्यात माल रात्रीच्या गाडीनं, बर्फाच्या पेटीतच येतो. २०१९च्या महापुरात वीज गेली तेव्हा दुकानातला फ्रिजचा माल आम्ही मुलाच्या मित्राकडे जयसिंगपूरला हलवला होता, एवढी ती धास्ती मनात बसली आहे.

सामान चांगलं असूनही काम बिघडतं ते बहुतेक वेळा कॉम्पोझिट घट्ट करणाऱ्या दिव्यामुळे. दिवा निळा दिसतो, पण त्याचा जोर उतरलेला असतो. वरून कॉम्पोझिट दगडासारखं लागतं आणि तळाला मऊ राहतं. म्हणून आम्ही उजेड मोजायचं मीटर घेतलं, आणि सामान द्यायला गेलो की दिवा मोजून देतो, पैसे न घेता. कॉम्पोझिटचे थर दोन मिलिमीटरचेच द्या, असं डॉक्टरांना सांगायची माझी योग्यता नाही. पण त्यांच्या मदतनीस मुलींना मी सांगते, आणि ते बरोबर पोचतं.

हल्ली विचारणा असते ती सुंदर दिसण्याची. लोकांना एकदम पांढरं हवं असतं. आमच्या भागात प्रत्यक्षात जुळतात ते ए-२ आणि ए-३ हे रंग, जरा पिवळसर, तांबूस झाक असलेले. रंग खिडकीच्या उजेडात बघावा, आणि दात ओला असतानाच. कोरडा पडला की तो असतो त्याहून पांढरा दिसतो आणि नेमका तोच रंग निवडला जातो. फोटोत सुंदर दिसलेला दात मग जेवणाच्या ताटावर परका वाटतो.

रंग ओळखण्याचा वर्ग आता सून घेते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला, दुकानाच्या माडीवर, पूर्वेच्या खिडकीशी. येताना लिपस्टिक लावू नये, आणि आपल्या दवाखान्यातलं सिमेंट आणि ते कालवायची पट्टी, म्हणजे स्पॅच्युला, घेऊन यावं.