काट्याचं सॉफ्टवेअर
आज वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, माझं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर दाखवलं. किंमत ऐकून मालक म्हणाले, "दादा, मोबाईलवर सारे ॲप फुकट भेटतात, याचे एवढे पैसे कायले?"

वाईट वाटलं, पण प्रश्न खोटा नाही. त्या ॲपचा खर्च कोट्यवधी लोकांत वाटला जातो. माझं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या जिनिंग फक्त अकरा. त्यात दर कंपनीचा इंडिकेटर (काट्याचा आकडा दाखवणारा डबा) वजन वेगळ्याच पद्धतीनं पाठवतो. एका काट्यावर ४,२६० किलोचं ४२,६०० दिसत होतं. दोन रात्री रुईच्या धुळीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा सापडलं. शिवाय कापसातला ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, १२ च्या वर सीसीआय (कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ) कापूस घेतच नाही. इथं चूक झाली तर पैसे शेतकऱ्याचे जातात. म्हणून काम घाईत उरकत नाही.

उद्या त्यांच्याच काट्यावर एक गाडी मोजून दाखवणार आहे.