तुम्ही विचारलंत म्हणून: खांद्याचं ऑपरेशन करू की नको?

व्हॉट्सअ‍ॅपवर एमआरआयचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ, "मॅडम, इम्पिंजमेंट निघालंय, ऑपरेशन सांगितलंय, करू का?" (इम्पिंजमेंट म्हणजे खांद्यातला टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, वरच्या हाडाखाली चिमटतो असं.) मी फिजिओ आहे, सर्जन नाही, पण हा प्रश्न इतक्यांदा येतो की म्हटलं एकदा लिहूनच टाकते.

मी आधी रिपोर्ट नाही बघत, विचारते, पडला होतात का? आणि हात वर जातच नाही की जातो पण दुखतो?

हात बाजूने वर नेताना मध्येच, साधारण 60 ते 120 डिग्रीत कळ मारते, त्या कुशीवर झोपवत नाही, फळीवरचा डबा काढताना जीव जातो, पण हात वर जातो, तर घाई नको. गाडीवरून पडलात आणि त्या दिवसापासून हात उचलताच येत नाही, दुसऱ्याने वर करून सोडला की धपकन खाली येतो, तर मात्र कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या टेंडनचा पट्टा, फाटलेला असू शकतो, तिथे व्यायाम करत महिने घालवू नका, त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिकला दाखवा. (आणि दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, त्यात शुगर असेल, तर तो बहुतेक फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, ती गोष्टच वेगळी.)

वरचं हाड टेंडनला घासतं म्हणून हाड तासायचं, हे नीअर नावाच्या अमेरिकन सर्जननी 1972 मध्ये मांडलं आणि ते पटतं हो, मलाही कितीतरी वर्षं पटायचं. मग 2018 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनची ट्रायल आली, 313 पेशंट, काहींचं खरं ऑपरेशन, काहींना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच नाही. सहा महिन्यांनी खरं आणि खोटं ऑपरेशन सारखंच निघालं, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा फरक होता तो इतकुसा की पेशंटला जाणवेलच असं नाही. फिनलंडमध्येही खऱ्याखोट्यात तसंच दिसलं, आणि 2019 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ पॅनेलने हे ऑपरेशन करू नका असं स्पष्टच सांगितलं.

"पण मॅडम, फिजिओ करून झालं की!" असं एक शाळामास्तर म्हणाले होते. काय केलं विचारलं तर दहा दिवस शेक आणि करंट. त्याला व्यायाम म्हणत नाहीत. त्यांना न दुखणाऱ्या कुशीवर झोपवून, कोपराखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली दिली, मनगट वर न्यायचं, हळू खाली आणायचं, एवढंच, रोज. पहिले तीन आठवडे माझ्यावर चिडलेले होते. सातव्या आठवड्यात म्हणाले आज फळ्याच्या अगदी वर तारीख लिहिली.

स्टिरॉइडचं इंजेक्शन? झोप उडाली असेल तर एखादं घ्या, शुगरवाल्यांनी मात्र पुढचे काही दिवस शुगर तपासत राहा. पुन्हापुन्हा नको, टेंडन कमजोर होतो.

तीन महिने, जमल्यास सहा, असा प्रामाणिक व्यायाम करूनही अडलं तर मीच सर्जनकडे पाठवते. तिथे एवढंच विचारा, "फाटलेलं शिवणार आहात की नुसतं हाड तासणार?"