मल्लितम्माची सही

म्हैसूरच्या देवराज मार्केटातून आईने सकाळीच फुलं घेतली. मल्लिगेची माळ, केळीच्या पानात बांधलेली. इथे माळ हातावर मोजून देतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक ‘मोळ’. आईने दोन मोळ घेतली. देवळात रिकाम्या हाताने जायचं नाही हा तिचा नियम. सोमनाथपूरच्या केशव मंदिरात पूजाअर्चा होत नाही हे मला ठाऊक होतं, पण फुलं निवडताना तिचा चेहरा पाहिला आणि सांगायचं राहूनच गेलं.

म्हैसूरहून बन्नूरमार्गे सोमनाथपूर ३५-४० किलोमीटर. बन्नूरला बस बदलली. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात, ऊस आणि नारळ. कावेरीच्या कालव्यांचं पाणी आहे, त्यामुळे सगळा मुलूख हिरवागार. एके ठिकाणी गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीचा वास खिडकीतून आत आला तशी आई म्हणाली, “कराडला आल्यासारखं वाटतंय गं.”

गाव लहान आहे. दक्षिणेतलं देऊळ म्हटलं की उंच गोपुर डोळ्यांसमोर येतं, तसं इथे काही नाही. बाहेरून नुसती दगडी भिंत दिसते. महाद्वाराशी एक मोठा शिलालेख उभा आहे, जुन्या कन्नडमध्ये, ओळीला ओळ लागलेली. त्याच्या शेजारून आत पाऊल टाकलं की मधोमध, कमरेएवढ्या चौथऱ्यावर, देऊळ एकदम पूर्ण दिसतं. तीन गाभारे, तीन शिखरं आणि भोवती ६४ ओवऱ्या. प्रत्येक शिखराचा तळ सोळा कोनांच्या चांदणीचा, त्यामुळे भिंत कुठेच सरळ जात नाही. ऊन प्रत्येक कोनावर वेगळं पडतं. आई पायरीशी थांबली, चपला काढल्या आणि बराच वेळ काही बोलली नाही.

होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा सेनापती सोमनाथ दंडनायक याने हे गाव वसवलं, स्वतःचं नाव दिलं आणि १२५८ मध्ये केशवाची प्रतिष्ठापना केली. तेव्हा आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जायला अजून ३२ वर्षं होती. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे माउलींच्या आधीचं,” आणि तिने भिंतीकडे पुन्हा नव्याने पाहिलं. तिच्यासाठी काळ मोजायचं माप तेच आहे.

प्रदक्षिणेला डावीकडून निघालो. भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग, एकामागे एक, सगळीकडे फिरलेली. त्यावर घोडेस्वार, वेलबुट्टी, मग कथांचा पट्टा, वर मकर आणि हंस. दक्षिणेच्या गाभाऱ्याभोवती रामायण, मागच्या बाजूला भागवतातल्या कृष्णाच्या कथा, उत्तरेला महाभारत. म्हणजे एक फेरी पूर्ण होईतो तिन्ही ग्रंथ चालून होतात. वाचता न येणाऱ्यालाही. कथापट्टा फार उंच नाही, वाकून पाहावा लागतो, आणि वाकलं की चेहरे दिसायला लागतात. त्याच्या वर देवदेवतांच्या मोठ्या मूर्ती. नाचणारा गणपती, नाचणारी सरस्वती, ऐरावतावर इंद्र-शची. अंगावरच्या दागिन्यांचा मणी न् मणी सुटा कोरलेला.

आई त्या दागिन्यांपाशीच अडकली. तिचे वडील, माझे आजोबा, पाथरवट होते. पाटे-वरवंटे, जाती, उखळं, कधी एखाद्या देवळाच्या पायऱ्या. दगड काय करू देतो आणि काय करू देत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिने मान हलवली. “आपल्या काळ्या दगडात हे नाही व्हायचं. टवका उडेल.”

ती बरोबर होती. हा दगड शंखजिऱ्याच्या जातीचा. कन्नडमध्ये त्याला ‘बळपद कल्लु’ म्हणतात. बळप म्हणजे पाटीवर लिहायची पेन्सिल. खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो आणि हवा लागत जाते तसा टणक होतो. शिल्पकाराला घाई नसते, पण मुभाही कायमची नसते. लाकूड किंवा हस्तिदंत कोरावं तसं काम या दगडावर झालं ते म्हणूनच. आतले खांबही कातावर धरल्यासारखे गोल, चकचकीत. वर पाहिलं तर प्रत्येक चौकातलं छत निराळं. कुठे केळफूल मिटलेलं, कुठे अर्धं उमललेलं, कुठे पाकळ्या पार मागे वळलेल्या. मान दुखेपर्यंत मी वर पाहत होते.

आई मात्र एव्हाना गाभाऱ्याशी पोचली होती. दक्षिणेला वेणुगोपाळ, उत्तरेला जनार्दन, आणि मधल्या गाभाऱ्यात केशव. मूळ केशव आता नाही, आहे ती नंतर बसवलेली प्रतिकृती. उरलेल्या मूर्तींनाही इजा झालेली, आणि भंगलेल्या मूर्तीची पूजा करत नाहीत. वेणुगोपाळाच्या पायाशी गाई मान वर करून बासरी ऐकतायत. आईने पानातून माळ काढली. तिथले रखवालदार पुढे आले आणि हात जोडून हळूच म्हणाले, “अम्मा, इल्ली पूजे इल्ला.” तिला भाषा कळली नाही, अर्थ कळला. माळ हातात तशीच राहिली. “दिवासुद्धा नाही?” तिने मला विचारलं. मी मान हलवली.

१३११ मध्ये दिल्लीच्या सुलतानाचा सेनापती मलिक काफूर याची फौज होयसळांच्या राजधानीवर, द्वारसमुद्रावर, चालून आली. त्या फौजेला वाटेत रसद आणि मदत देणारा राजा होता देवगिरीचा रामचंद्रदेव यादव. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्याचा गौरवाने उल्लेख येतो, तोच. तो स्वतः आधीच हरलेला आणि मांडलिक झालेला होता, हे खरं. तरी त्या गाभाऱ्यात उभं राहून हे आठवलं तेव्हा मला अपराधी वाटलं. आईला हे मी तिथे सांगितलं नाही.

आम्ही परत बाहेर आलो, तर मघाचे रखवालदार मागोमाग आले. आईचा चेहरा त्यांच्या मनाला लागला असावा. मोडक्या हिंदीत म्हणाले, या, एक दाखवतो. मागच्या बाजूच्या एका मूर्तीच्या बैठकीखाली त्यांनी बोट नेलं, दगडाला न लावता. तिथे बारीक अक्षरं होती. करंगळीच्या नखाएवढी, गोल वळणाची, कडा अजून शाबूत.

“देवाचं नाव?” आईने विचारलं.

“नाही अम्मा. बनवणाऱ्याचं.”

मल्लितम्म. या देवळातल्या चाळीसेक मूर्तींखाली त्याची सही सापडते, कुठे पूर्ण, कुठे नुसतं ‘मल्लि’, तर कुठे फक्त एक ‘म’. चौडेय, बालेय, मसणितम्म अशी इतरांचीही नावं आहेत. वेरूळचं कैलास लेणं मी कितीतरी वेळा पाहिलंय. तिथे एवढा डोंगर कोरला, पण कोरणाऱ्या हातांचं नाव सांगता येत नाही. इथे सेनापतीचं नाव महाद्वाराशी आणि कारागिराचं नाव थेट त्याच्या कामाखाली. २०२३ मध्ये बेलूर आणि हळेबीडबरोबर हे देऊळ जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्याचा आनंद आहेच. पण मला विचाराल तर या देवळाचं सगळ्यात मोठं धन ही नखाएवढी अक्षरं आहेत.

आई खाली बसली. त्या अक्षरांच्या समोर, चौथऱ्यावरच, मांडी घालून. मी तिला सांगितलं की हाच मल्लितम्म ११९६ च्या सुमाराला अमृतपूरच्या देवळाची छतं कोरत होता असं मानतात, म्हणजे त्याने साठ वर्षं तरी छिन्नी धरली. तिने पटकन विचारलं, “डोळे कसे राहिले असतील गं त्याचे?” आजोबांचे डोळे कचीने गेले होते. शेवटी शेवटी पाट्याला टाकी लावताना ते बोटाने चाचपून मग घाव घालायचे. खोकला तर रात्रभर. गावात अजून चार-पाच घरांत त्यांचे पाटे आहेत, आणि ते कुणी केले हे आता त्या घरांतल्या सुनांना माहीत नाही.

परतीच्या बसला तास होता. बाहेर शहाळी विकणाऱ्या बाईंकडे आईने फुलांचं पान उघडलं, माळेचे दोन तुकडे केले, एक त्यांच्या अंबाड्यात माळला आणि एक स्वतःच्या. दोघी एकमेकींची भाषा न येता बराच वेळ बोलत होत्या.

बसमध्ये बसल्यावर तिने पर्समधून तिकीट काढलं आणि पेन मागितलं. “ते नाव मराठीत लिहून दे.” मी तिकिटाच्या मागे लिहिलं. तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं, शेवटच्या जोडाक्षरावर जरा थांबून, आणि मग तिकीट घडी करून आजोबांच्या फोटोच्या मागे ठेवलं.