अमावास्येची रात्र आणि ११ बस

आमच्या ताफ्यात ११ इलेक्ट्रिक बस आहेत. चिपळूणहून लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यांमध्ये कामगारांची ने-आण करतात. पाळ्या तीन, सकाळी सातची, दुपारी तीनची आणि रात्री अकराची. कुठली गाडी कुठे उभी करायची आणि कधी चार्जिंगला लावायची, हे मी ठरवते.

यार्डात ६० किलोवॅटचे दोन चार्जर आहेत, प्रत्येकाला दोन गन, म्हणजे गाडीला जोडायचे मोठे प्लग. दोन्ही गन लागल्या की गाडीच्या वाट्याला ३० किलोवॅट येतात. बॅटरी १५० युनिटची. २५ टक्क्यांवरची गाडी ८० वर न्यायला पावणेतीन तास लागतात, त्यापुढे बॅटरी स्वतःच वेग कमी करते. मंजूर भार ओलांडला की बिलात दंड बसतो, आणि संध्याकाळचा दर चढा. म्हणून मी मोठं चार्जिंग मध्यरात्रीनंतर ठेवलं होतं. अकराच्या पाळीची माणसं सोडून, सुटलेली घेऊन गाड्या बाराच्या सुमाराला परत येतात, लगेच गनला लागतात. खर्च कमी झाला होता, मालक खूश होते, मलाही तो तक्ता आवडायचा.

त्यात नदी नव्हती. यार्ड खेर्डीच्या बाजूला आहे. वाशिष्ठीला सह्याद्रीतलं पाणी येतंच, पोफळीला वीज करून सोडलेलं कोयनेचं पाणीही तिलाच मिळतं. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरती दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास येते, मग रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. दाभोळच्या खाडीतून ती गोवळकोटपर्यंत वर चढते तेव्हा नदीला उतरायला वाट राहत नाही. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पाणी तुंबण्याची जी वेळ, तीच आमच्या गाड्या गनला बांधलेल्या असण्याची. माझं माहेर दाभोळचं. भरतीचा हिशेब मला लहानपणापासून येतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेही मी पाहिलंय. तरी हे दोन हिशेब मी एका कागदावर कधी मांडले नाहीत.

जुलैतली अमावास्या होती, पाऊस तीन दिवस हटला नव्हता. रात्री पावणेएकला यार्डातल्या ड्रायव्हर काकांचा फोन आला. "ताई, गटारातलं पाणी उलटं यायला लागलंय."

रस्त्यावरून येणारं पाणी दिसतं तरी. गटारातून उलटं येतं तेव्हा नदी भरलेली असते. दहा मिनिटांत मी यार्डात पोहोचले. चार गाड्या गनला लागल्या होत्या, त्यांच्यात तिशीच्या आसपास चार्ज. सहा गाड्या दुपारी भरलेल्या, साठीच्या वर. एक २२ टक्क्यांची, गनची वाट बघत चौथ्या गाडीच्या मागे उभी. गाड्या न्यायच्या होत्या कामथ्याच्या बाजूला, हायवेच्या चढावर, तेही बहादूरशेख नाका पाण्याखाली जायच्या आत. खरी अडचण माणसांची होती. रात्री यार्डात ड्रायव्हर चारच. जवळ राहणाऱ्या दोघांना उठवून आणलं. सहा झाले, म्हणजे दोन खेपा, मध्ये जीपने सगळ्यांना परत आणायचं.

पहिल्या खेपेत भरलेल्या सहा पाठवल्या. गनवरच्या चार तशाच चालू ठेवल्या, कारण वर चार्जर नाही आणि पावणेसहाला पहिल्या थांब्यावर माणसं उभी राहणार. ड्रायव्हर परत येईपर्यंत तासभर जरी मिळाला तरी त्या लोट्याला जाऊन येण्याइतक्या होतील, असा माझा हिशेब. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटत नाही.

एक चाळीसला महावितरणने फीडर, म्हणजे आमच्या भागाची वीजवाहिनी, बंद केला. पुरात तो करावाच लागतो. मी मेन स्विच खाली ओढला आणि अंधारात थांबले. दोनला ड्रायव्हर परतले तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं. तीन गन निघाल्या. चौथी निघेना.

चार्जिंग चालू असताना गाडी गनला आतून कुलूप लावते, म्हणजे कुणी चुकून ओढू नये. वीज अचानक गेली आणि ते कुलूप उघडलंच नाही. चौथी गाडी अडली, आणि तिच्यामागे २२ टक्क्यांची. काकांनी टॉर्च दातात धरली, गन लावायच्या तोंडावरच्या फ्लॅपच्या आतला पत्रा बोटांनी चाचपला. तिथे हाताने कुलूप सोडवायची एक बारीक दोरी असते. डिलिव्हरीच्या दिवशी ती आम्हाला दाखवली होती, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. चिखलाने ओल्या बोटांतून दोरी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा काकांनी ती रुमालाने धरून ओढली, आणि टक् असा आवाज आला. तो आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो.

पाच गाड्या एकामागून एक निघाल्या. नाक्यावर पाणी नुकतंच रस्त्यावर आलं होतं. पहाटेपर्यंत ओहोटीने नदीला वाट मिळाली, पाऊसही कमी झाला. यार्डात पाणी चार्जरच्या ओट्याच्या वीतभर खाली थांबलं. चार्जरचं कपाट पावसाचे शिंतोडे सोसतं, बुडालं असतं तर संपलं असतं.

सकाळी आठ गाड्या सुटल्या. तीन सुटल्या नाहीत. नव्वदएक माणसं पावसात थांब्यांवर उभी राहिली, त्यांतल्या काहींचा खाडा पडला. मी रात्रभर गाड्यांच्या मागे होते, थांब्यांवरच्या माणसांना वेळेत निरोप द्यायचं मला सुचलंच नाही. याचं वाईट गाड्यांपेक्षा जास्त वाटतं.

आता तक्त्यात भरतीचा रकाना आहे. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचेमागचे तीन दिवस सकाळच्या पाळीच्या गाड्या आदल्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी दोनमध्येच भरून घेतो, रात्री गनवर एका वेळी दोनच. सगळ्या गाड्यांची तोंडं गेटकडे. गनला लागलेल्या गाडीच्या मागे दुसरी लावायची नाही, मग दोन जागा वाया गेल्या तरी चालतील. प्रत्येक फ्लॅपच्या आत त्या दोरीला लाल फीत बांधली आहे आणि प्रत्येक ड्रायव्हरने ती एकदा तरी ओढून पाहिली आहे. कामथ्याच्या चढावर एक जागा भाड्याने मिळतेय, तिथल्या वीजजोडणीचा अर्ज केला आहे.