तीन दिवस आधी, पण कशाच्या?

रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या पॅकहाउसमध्ये निर्यातीची कागदपत्रं मी बघतो. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी आखातातल्या व्यापाऱ्याचा मेल आला: माल शिळा आहे, भाव कमी करा. कंटेनर अजून न्हावा-शेव्यालाच होता, खोकं कुणी उघडलंही नव्हतं. मग शिळा ठरवला कुणी?

आमच्या ऑफिसातल्या पोराने सकाळी पाठवलेला मेल काढून बघितला. ‘द कंटेनर वॉज लोडेड ऑन वेन्सडे. द फ्रूट वॉज कट थ्री डेज बिफोर.’ पोराच्या मनात होतं, आजपासून मागे तीन दिवस, म्हणजे मंगळवार. समोरच्याने बुधवारपासून मागे मोजलं आणि रविवारवर जाऊन थांबला. झालं! मंगळवारी कापून, धुऊन, रात्रभर प्रीकूलिंगला, म्हणजे भरण्याआधी थंड करायला, ठेवलेला माल त्याच्या लेखी रविवारपासून पडून होता. आमच्याकडे मेमध्ये पारा सहज ४० च्या वर. कापलेला घड १३-१४ अंशांवर यायला जितका उशीर, तितका तो पिकायला लवकर लागतो, आणि थोडा माल जरी पिकायला लागला तरी त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची खोकीही पिकायला लागतात. तो घाबरला ते बरोबरच होतं.

पोराला समोर बसवून सांगितलं. आजपासून मागे मोजायचं तर इंग्रजीत ‘एगो’ लागतो. तो नेहमी बोलण्याच्या क्षणापासून मागे मोजतो, आकड्याच्या पाठीमागे येतो आणि त्याच्यासोबत साधा भूतकाळ लागतो. ‘हॅज कट थ्री डेज एगो’ चालत नाही. तिथेच बिफोर टाकला की मोजणी गोष्टीतल्या दुसऱ्या घटनेपासून सुरू होते, इथे लोडिंगपासून. आपलं ‘आधी’ दोन्हीकडे खपतं, म्हणून आपल्याला खटकत नाही. शाळेत काळांचे तक्ते घोकून घेतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

मग कापणीच्या रजिस्टरचं पान, टोळी मळ्यात पोचल्याची वेळ, प्रीकूलिंगच्या तापमानाची नोंद, सगळ्याचे फोटो पाठवले. मेलमध्ये ‘एगो’सुद्धा नको म्हटलं, सरळ तारीख टाक. तासाभरात उत्तर आलं, ठरलेला भाव कायम. खाली एक ओळ होती: ‘यू शुड हॅव सेड धिस बिफोर.’

पोरगं स्क्रीनकडे बघत म्हणालं, “दादा, आता हे बिफोर कशाच्या आधी?”

“आकडा आहे का त्याच्या जोडीला?”

“नाही.”

“मग नुसतं ‘याआधी’. चल, थँक यू लिही आणि पुढच्या गाडीची कागदं काढ.”